अतिसंक्षिप्त रूप

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक चित्र आहे. येणारा माणूस चहा येईपर्यंत त्याच्याकडे बघतो आणि चहा आला की सुटका झाल्यासारखा कपाकडे बघतो. एक मोठा काळा आकार, डावीकडे कलंडलेला. त्याच्या कडेने एक विटकरी पट्टा निघतो आणि मधेच थांबतो. बाकी सगळं करडं, रवाळ. हे काय आहे असं पुण्यात सहसा कोणी विचारत नाही, कारण विचारलं की आपल्याला कळलं नाही हे जाहीर होतं. मग लोक चित्राखालची मोकळी पट्टी वाचतात. उजवीकडे चित्रकाराची सही आहे. डावीकडे पेन्सिलीने, सुबक अक्षरात, २/५ असं लिहिलंय आणि त्याच्या शेजारी, चष्मा लावून बघितलं तर, बरोबरची खूण आहे.

सही चित्रकाराची. डावीकडचं सगळं माझं.

मी शाळेत गणित शिकवायचो. हा धंदा शाळेपुरता ठेवता येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी गणिताच्या मास्तरशी लग्न करून बघावं. खिशात पेन्सिल असायची आणि समोर येईल ते मी तपासायचो. हॉटेलचं बिल, लग्नपत्रिकेतला मुहूर्त, दुधाचं कार्ड. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या फलकावर सेक्रेटरींनी पाणीपट्टीचा हिशेब लावला होता, त्यातली बेरीज मी जाता जाता दुरुस्त केली. दुसऱ्या आठवड्यात त्या फलकाला काच बसली आणि काचेला कुलूप. मला तो माझा विजय वाटला होता.

हे चित्र बायकोबरोबर आमच्या घरात आलं. दोन पुठ्ठ्यांच्या मधे, नाड्याने बांधलेलं. आईने एकदा नाडा सोडून बघितलं आणि परत बांधताना म्हणाली, "बोहारीणसुद्धा घ्यायची नाही हो हे." मग ते कपाटामागे गेलं. दर दिवाळीला बाहेर यायचं, झटकलं जायचं आणि परत आत. मी काही तो नाडा कधी सोडला नाही. "बघा ना," असं ती कधी म्हणाली नाही आणि तिचं काही म्हणणं नाही असा मी सोयीस्कर अर्थ काढला.

लग्नाआधी ती एका चित्रकाराच्या प्रेसवर काम करायची, एवढं मला माहीत होतं. तिथे दगडावर चित्र काढून त्याचे छाप घेत. लिथो म्हणत त्याला. लग्नानंतर एकदा तिने ते सांगायला घेतलं होतं. मी म्हणालो, "म्हणजे एकदा दगड तयार झाला की पाहिजे तेवढी चित्रं निघतील." ती म्हणाली, "नाही निघत." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि तो विषय तिथेच राहिला. बरीच वर्षं राहिला.

मग मुलगी शिकायला हॉस्टेलवर गेली आणि घर एकदम मोठं झालं. त्याच सुमारास पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या. त्या चित्रकाराने म्हातारपणी बिबवेवाडीत पुन्हा प्रेस उभी केली होती आणि दगडावर काम केलेली चार माणसं त्यांना मदतीला हवी होती. बायकोने त्या दोनदा वाचल्या. मग नखं अगदी बोटापर्यंत कापली. घरी चित्रकला शिकायला येणाऱ्या सोसायटीतल्या पोरांना सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून वर्ग फक्त रविवारी. मग एका रविवारी, पोरं गेल्यावर, पसारा आवरता आवरता म्हणाली, "मी जाऊन येईन म्हणते."

"कुठे?"

"प्रेसवर. घेतात का बघते."

"घेतील की."

"घेतील की काय? इतकी वर्षं दगडाला हात लावलेला नाही मी. काय दाखवू त्यांना? हे?" तिने टेबलावरचा कागद वर धरला. पोरांनी भेंडी कापून, रंगात बुडवून उमटवलेली फुलं होती त्यावर.

"आणि मधे कुठे होतीस असं विचारलं म्हणजे?" हे ती मला नाही, भेंडीच्या फुलांना विचारत होती.

मग तिने कपाटामागून ते पुठ्ठे काढले. नाडा सोडला. "हे नेते," ती म्हणाली. "हे बघितलं की त्यांना कळेल." जुना पुठ्ठा पिवळा पडला होता म्हणून नवा पुठ्ठा आणि बटर पेपर आणायला ती बाहेर पडली. चित्र टेबलावर उघडं होतं. 'हात लावू नका' असं काही तिने मला बजावलं नाही. चित्राला हा माणूस काय करणार आहे, असंच तिला वाटलं असणार.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी सहावीचे सहामाहीचे पेपर तपासत होतो. अपूर्णांक. प्रश्नपत्रिकेत स्वच्छ छापलेलं असतं, 'उत्तर अतिसंक्षिप्त रूपात लिहा', आणि पोरं खुशाल सहा अष्टमांश लिहून मोकळी होतात. अर्धा गुण काप, अर्धा गुण काप, असं करत माझं डोकं तापलेलं. पेन्सिल वर केली, मान वर केली, आणि समोर चित्राच्या खाली काय? १०/२५.

आता मला सांगा. दहाला पाचाने भाग जातो. पंचविसालाही जातो. उघडउघड जातो, कोणी लपवून ठेवलेलं नाही. चित्रकार मंडळींचं गणित कच्चं असतं हे ऐकून होतो, पण इतकं! शाईत काळं किती मिसळायचं त्याचं प्रमाण असेल, असा मी तर्क केला. आणि प्रमाण लिहायचं तर नीट लिहायला नको? उद्या बायको हे घेऊन मोठ्या माणसासमोर जाणार. अशी चूक घेऊन?

माझा खोडरबर मऊ होता. चित्राला धक्का लागू नये म्हणून मी श्वास रोखून धरला होता, एवढी काळजी घेतली. चुरा फुंकून टाकला. माझ्या चांगल्या अक्षरात २/५ लिहिलं. बरोबरची खूण मी केली नाही, ती सवयीने हाताने केली.

बायको आली, बटर पेपर उलगडला, आणि थांबली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. संक्षिप्त रूप द्यायचं राहिलं होतं."

ती बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, उदाहरणाचा ताळा करून बघतेय.

"आणि ही खूण?"

"ती आपली... बरोबर आल्याची."

"चित्र कशाला सोडलंत मग?" ती अगदी शांतपणे म्हणाली. "तेही सोडवून टाकायचं. आणि सहीचं शुद्धलेखन बघून घ्या, मराठीचे सर ओळखीचे आहेत ना तुमच्या?"

पुण्यात आवाज चढला तर काळजी नसते. आवाज उतरला की समजायचं, गंभीर आहे. मी पेपर बाजूला सारले. मग तिने सांगितलं. कुकर लावलेला नव्हता, त्यामुळे पूर्ण सांगितलं. दगडावरून मोजके छाप घ्यायचे, या चित्राचे पंचवीस. प्रत्येकाखाली चित्रकार स्वतः आकडा घालतो, पंचविसातला हा कितवा. मग दगड घासून कोरा करायचा. ते चित्र पुन्हा निघत नाही. पहिले नऊ छाप प्रेसवरच्या जुन्या माणसाने काढले होते. दहाव्याला चित्रकार तिला म्हणाले, तू काढ. शाई तिने लावली, कागद तिने ठेवला, प्रेसचा दांडा तिने ओढला. कागद उचलला तेव्हा ते जवळ येऊन बघत उभे राहिले, मग पेन्सिल घेतली आणि दहा छेद पंचवीस लिहून तो तिला देऊन टाकला.

"प्रशस्तिपत्रक होतं ते माझं," ती म्हणाली. "दुसरं नाही."

यावर माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "पण किंमत तीच राहते गं."

ती आत गेली.

मी तिथे बसलो आणि जन्मात पहिल्यांदा मला अतिसंक्षिप्त रूपाची भीती वाटली. दोन पंचमांश आणि दहा पंचविसांश एकच, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पण एकदा दोन पंचमांश केलं की मागे जाता येत नाही. ते दहा पंचविसांश होतं, का चार दशांश, का सहा पंधरांश, उत्तर सांगत नाही. कुठून आलो ते सगळं गाळून टाकतं आणि नीटनेटकं होऊन बसतं. मुलांना मी याचेच गुण देत आलो होतो.

पण मी मूळचा दुरुस्ती करणारा माणूस. संध्याकाळी ती देवळात गेल्यावर एका रद्दी कागदावर मी चित्रकाराच्या वळणाचा एक काढायचा सराव सुरू केला. त्यांचं वळण सहीवरून ओळखायचं आणि तसा १० घालून टाकायचा, असा बेत. पानभर एक झाले, पानभर शून्यं झाली. ती परत आली तर पान टेबलावरच. तिने ते उचललं, बघितलं आणि रद्दीत न टाकता घडी घालून माझ्या खिशात पेन्सिलीशेजारी खोचलं. "जपून ठेवा," म्हणाली. "हस्तकौशल्याला गुण असतात."

दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेली असताना मी चित्र गॅलरीत नेलं. पेन्सिल दाबून लिहिली असेल तर कागदावर वळ राहिला असेल, तिरप्या उजेडात आकडा दिसेल, असं वाटलं होतं. दिसलं ते एवढंच, की माझ्या खोडरबराने कागदाची लव उठली होती आणि माझे दोन आणि पाच मात्र मास्तरी जोराने आत रुतले होते. मी कागद असा धरला, तसा धरला, डोळ्याजवळ आणला. आणि ते करता करता मला चित्र दिसायला लागलं. म्हणजे काय दिसलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण तो काळा एकच काळा नव्हता. मधे गच्च होता, कडेला येता येता त्याचे कण सुटे होत होते, आणि विटकरी पट्ट्याखाली पुन्हा एकदा हळूच गडद होत होता. हे सगळं कोणीतरी हाताने दगडावर शाई फिरवून आणलं होतं. ज्या हाताने, तो हात माझ्या ताटात रोज वाढत होता आणि मला आमटी सोडून काही दिसलं नव्हतं.

सोमवारी ती जाणार होती. गेली नाही. मंगळवारीही नाही. पोरांना निरोप गेला, की वर्ग आधीसारखेच भरतील. मी म्हणालो, "अगं, चित्राशिवाय जा की."

"कशाला?"

"काम येतंय ना तुला."

"येत होतं. आता काय येतंय कोणाला ठाऊक. आणि त्यांच्यासमोर काय घेऊन उभी राहू? दोन पंचमांश?"

ती चार माणसं कोणी ना कोणी होतीलच, मग जागा भरेल, आणि पुढची सगळी वर्षं आमच्या घरात भेंडीची फुलं उमटत राहतील, हे मला दिसत होतं. तिला भीती वाटत होती हेही दिसत होतं. पण भीतीला निमित्त लागतं आणि ते मी स्वतःच्या हाताने, बरोबरची खूण करून, पुरवलं होतं.

रविवारी मी स्कूटर काढली आणि बिबवेवाडीला गेलो. चित्र नेलं नाही. तेवढी अक्कल आली होती. पत्र्याची शेड होती, एका बाजूला गिरणी, दुसऱ्या बाजूला ग्रिलचं वेल्डिंग. दारावर पाटी: 'येथे लग्नपत्रिका व बिलबुके छापली जात नाहीत. विचारू नये.' आत एक म्हातारे गृहस्थ बादलीत स्पंज पिळत होते. मला बघून म्हणाले, "पत्रिका छापत नाही."

"पत्रिका नकोय."

"मग बसा."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. स्पंज पिळता पिळता त्यांनी ऐकून घेतलं.

"काय लिहिलंत म्हणालात?"

"दोन पंचमांश."

"का?"

"दहाला पाचाने भाग जातो, आणि पंचविसाला—"

"ते कळलं. मीही गेलो होतो शाळेत." मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, त्यांना ढास लागली. ते हसत होते. "मास्तर, म्हणजे त्या चित्राच्या चोवीस प्रती बिनतपासलेल्या आणि तपासलेली एकच. सांभाळा हो. तुमचीच सगळ्यांत दुर्मीळ."

"सर, मी ते घेऊन आलो तर तुम्ही परत तिथे आकडा...?"

"आता नको. कागदाची लव गेली की गेली. राहू द्या, लोकांना काहीतरी वाचायला होईल."

मग मी मूळ मुद्द्यावर आलो. दहावा छाप. तिने एकटीने काढलेला. तुम्ही जवळ उभे होतात. तिचं माहेरचं नाव सांगितलं. त्यांनी वर पत्र्याकडे बघून खरंच विचार केला.

"नाही आठवत."

"उंच आहे. डोळ्यांवर... चष्मा..." मी वर्णन करायला लागलो आणि अडलो. चष्मा आत्ताचा. मी आत्ताच्या बाईचं वर्णन करत होतो. दगडाशी उभी असलेली ती मुलगी मी तरी कुठे बघितली होती?

"पुष्कळ मुलं-मुली येऊन गेली हो," ते म्हणाले. "चेहरे राहिले नाहीत. दगड घासता येईल का तिला?"

"माहीत नाही."

"मनगटं कशी आहेत?"

असा प्रश्न मला बायकोबद्दल कोणी विचारला नव्हता. मी आठवून सांगितलं, "कुकरचं अडकलेलं झाकण मला निघत नाही, ते तिला निघतं."

"मग पाठवा. आणि चित्र नको आणू म्हणावं. माझी चित्रं मी बघितली आहेत."

परतताना सिग्नलला थांबून मी खोटं बोलायचा सराव केला. 'नाव घेताच आठवली त्यांना.' 'म्हणाले, ती होय!' छान वाटत होतं. पण उद्या ती समोर जाऊन उभी राहिली की हे टिकणार नाही, आणि मला खोटं बोलताना पायऱ्या लागतात. घरी पोहोचलो तर ती गवार मोडत बसली होती.

"कुठे गेला होतात?"

"बिबवेवाडीला. सरांना भेटलो. त्यांना तू आठवत नाहीस."

ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने सांगितलं. शहाण्या माणसाने शेवट आधी सांगितला असता. गवारीची शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

"नाही आठवत?"

"नाही."

"माहेरचं नाव सांगितलंत?"

"सांगितलं. विचार करून नाही म्हणाले."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

आता ही रडणार, असं धरून मी पाण्याचा तांब्या शोधत होतो. तिने शेंग ताटात टाकली, पदराने कपाळ पुसलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

"मी सांगून आले नव्हते," ती म्हणाली. "नंतरच्या एका चित्राचं काम अर्धं होतं. काळं छापून झालेलं, दुसरा रंग राहिलेला, तो माझ्याकडे होता. आपलं ठरलं आणि वडील म्हणाले, काळ्या नखांनी पोरगी बोहल्यावर उभी करायची का? दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाही. निरोपसुद्धा दिला नाही. लग्न होईपर्यंत त्या गल्लीतून जायचं टाळायची. इतकी वर्षं मला वाटायचं, ते तिथे उभे असतील. दार उघडलं की पहिलं विचारतील, रंग कुठाय?"

"आणि हे चित्र..."

"ते आधी पुढे केलं असतं. म्हणजे बोलायला काहीतरी झालं असतं."

मग ती हसली. "त्यांना आठवतही नाही!" असं स्वतःशीच दोनदा म्हणाली. एखाद्याला आपण आठवत नाही याचा इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता. मीही हसायला लागलो, तेव्हा ती थांबली.

"तुम्ही हसू नका. अजून काय म्हणाले?"

"पाठवा म्हणाले. चित्र नको म्हणाले. मनगटं विचारली."

"काय सांगितलंत?"

"कुकरचं झाकण."

"बरं सांगितलंत," ती म्हणाली. लग्नानंतर माझ्या एखाद्या उत्तराला तिने दिलेले ते पहिले पूर्ण गुण.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने, म्हणजे फक्त डबा घेऊन, बसने गेली. मी शाळेतून आलो तरी परतली नव्हती. अंधारता अंधारता आली. साडीच्या काठाला करडा गाळ, केसांत गाळ, चष्म्यावर गाळ. पायरीवरच बसली.

"काय काढलंस आज?" मी विचारलं.

"काही नाही. दगड घासला. वाळू आणि पाणी घालून, दगडावर दगड. कोणाचं तरी जुनं चित्र होतं त्यावर."

"कोणाचं?"

"विचारलं नाही. अजून एका कोपऱ्यात दिसतंय थोडं. उद्या जाईल."

जेवायला बसली तर उजव्या हाताची मूठ मिटेना. आमटी-भात तिने चमच्याने खाल्ला, तोही डाव्या हाताने, आणि अर्धा ताटात सांडला. मी बघत होतो. काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते जमत होतं.

"उद्या पोळ्या जास्त लागतील," ती म्हणाली. "सर माझ्याच डब्यातलं खातात. आणि माझ्या हातून कणीक मळली जाणार नाही."

मी आजूबाजूला बघितलं. दुसरं कोणी घरात नव्हतं.

"कणकेचा डबा कुठे असतो?" मी विचारलं.

"जिथे असतो तिथेच," ती म्हणाली आणि डाव्या हाताने पुढचा घास उचलायच्या मागे लागली.